सदतीस नंबरचे अध्यक्ष

शेषेराव नानांच्या केबिनमधल्या संगणकाचा नंबर सदतीस आहे, ही गोष्ट फुटली ती खुद्द नानांच्याच तोंडावर. नाना तेव्हा बशीत चहा ओतून फुंकर मारत होते. ती फुंकर अर्ध्यात राहिली.

"किती म्हनलाव?"

"सदतीस," संगणक शिकवणारी मुग्धा देगलूरकर म्हणाली, आणि आपण भलतंच काहीतरी बोलून बसलो हे तिला नानांच्या मिशीकडे बघून कळलं. "म्हणजे नाना, तो नुसता मशीनचा पत्ता असतो. कॉलेजातल्या सगळ्या मशीन एकमेकींना जोडल्यात ना, मग प्रत्येकीला एक नंबर द्यावा लागतो. घराला असतो तसा. त्यात लहान-मोठं काही नसतं."

"लहान-मोठं नसतं. बरं." नानांनी बशी खाली ठेवली. "बालाजीरावच्या खोलीतल्या मशीनला कितवा दिला?"

खोटं बोलायची खरं तर हीच वेळ होती. पण मुग्धा पडली नांदेडच्या मास्तरांच्या घरातली. ती म्हणाली, "बारा."

झालं! आता हे बालाजीराव कोण ते सांगायला हवं. नाना शिरूर अनंतपाळच्या या कॉलेजचे संस्थापक-अध्यक्ष, तर बालाजीराव उपाध्यक्ष. तिथवर ठीक होतं. पण गेल्या वैशाखात नानांच्या मुलाला बालाजीरावांची मुलगी केली आणि दोघे व्याही झाले. त्या लग्नात मानाचा पहिला फेटा वरपित्याला बांधायचा, तो घाईगडबडीत फोटोग्राफरला बांधला गेला. फोटोग्राफर बिचारा दिवसभर फेट्यात मिरवला. तेव्हापासून नाना आपला नंबर कितवा याबाबतीत भलतेच हळवे झाले होते.

"पोराचा बाप मी. संस्था काढली मी," नाना म्हणाले. "आन् मी सदतीस, त्यो बारा? मॅडम, उद्या पंगत बसवलाव तर मला कुठं बसवताल? हात धुयाच्या नळापाशी?"

"नाना, मशीन ज्या क्रमानं आल्या त्या क्रमानं..."

"मला एक नंबर पायजे."

"एक नंबर राऊटरचा असतो, नाना."

"राऊटर कोन?"

मुग्धानं भिंतीवर खिळ्याला टांगलेला, दोन शिंगांचा काळा डबा दाखवला. "हे. बाहेरचं इंटरनेट ह्याच्यातून येतं. कुठल्याही मशीनला बाहेर जायचं असलं की ती एक नंबरला विचारते. म्हणजे ते दार झालं आपलं."

"म्हंजी दरवान," नाना म्हणाले. "दरवानाला पयला नंबर आन् मालकाला सदतीस. वा! बिलकूल इन्साफ हाय. नांदेडला आसंच शिकवतेत का?"

मुग्धानं इंजिनिअरिंग नांदेडलाच, विष्णुपुरीला केलं होतं. तिथं तिला पुष्कळ शिकवलं होतं, पण व्याह्यांमध्ये नंबर कसे वाटावेत हा धडा अभ्यासक्रमात नव्हता.

आता नानांच्या केबिनमधली ती मशीन साधीसुधी असती, तर तिनं त्यांना हवा तो नंबर देऊन टाकला असता आणि काय व्हायचं ते होऊ दिलं असतं. पण ती होती सर्व्हर. सगळ्या लॅबला प्रश्नपत्रिका पुरवायची ती तिनंच. जुन्या मशीनवर मुग्धानं लिनक्स नावाची प्रणाली चढवून तो स्वतः उभा केला होता. लिनक्सला पैसे पडत नाहीत हे ऐकल्यावर नाना खूश होऊन म्हणाले होते, "फुकट हाय? मंग दोन टाका!" आणि तो केबिनमध्ये एवढ्यासाठीच ठेवला होता, की सगळ्या कॉलेजात इन्व्हर्टर तेवढा तिथंच होता. नाना मात्र तो आपला खाजगी संगणक समजत. रोज सकाळी शिपाई शरणप्पा त्याला कुंकवाचं बोट लावी आणि वर झेंडूचं फूल ठेवी.

आणि दुसऱ्या दिवशी तपासणी होती. कॉलेजला ऑनलाइन परीक्षेचं केंद्र मिळणार की नाही, हे त्यावर ठरणार होतं. लातूरहून साहेब येणार, लॅबमधल्या सगळ्या मशीन एकदम चालू करणार, नमुन्याची प्रश्नपत्रिका उघडून बघणार आणि त्या चालू असतानाच इंटरनेटवरून त्यांच्या मुख्य कार्यालयाशी जोडणी तपासणार. दोन्ही जमलं तर केंद्र, नाहीतर पुढच्या वर्षी भेटू.

पुढचं वर्ष मुग्धाला नको होतं, आणि त्याला कारण होती ऋतुजा. गेल्या साली ही पोरगी नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेला लातूरला निघाली. पहाटेची गाडी वाटेत पंक्चर झाली, ती पोचेपर्यंत केंद्राचं फाटक बंद. तिनं फाटकाच्या गजातून हॉल तिकीट दाखवलं, हातापाया पडली, पण नियम तो नियम. वर्ष गेलं. तेव्हापासून ती रोज लॅबमध्ये येऊन सराव करी आणि जाताना न चुकता विचारी, "मॅडम, आपल्या इथं सेंटर होईल ना?" आणि मुग्धाही न चुकता म्हणे, "होणार म्हणजे होणार." अशी आश्वासनं देताना माणसाला काही वाटत नाही, निभवायची वेळ आली की घाम फुटतो.

"एक नंबर न्हाई, तर उद्या मी येत न्हाई," नाना म्हणाले. "केबिनची चावी माझ्याकडं. घ्या तुमचा सर्व्हर आन् लावा वडाखाली."

मुग्धानं थोडा विचार केला. मग एक पांढरा कागद घेतला, त्यावर स्केचपेननं ठळक '१' काढला आणि चिकटपट्टीनं तो सर्व्हरच्या कपाळावर, कुंकवाच्या बरोबर खाली लावला. आत सदतीस तो सदतीसच राहिला. यंत्रालाही बरं, नानांनाही बरं. साप मेला आणि काठीही शाबूत राहिली, असं तिला वाटलं.

नानांचा चेहरा असा खुलला की विचारू नका. त्यांनी शरणप्पाला बोलावून मशीनशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला आणि तो लगोलग स्टेटसला ठेवला. तो बालाजीरावांनी बघावा म्हणूनच होता, आणि त्यांनी तो बघितलाही.

तेवढ्यात प्राचार्य श्रीपाद सर उद्याच्या कार्यक्रमाची पत्रिका घेऊन आत आले. श्रीपाद सर मूळचे मराठीचे. खिशाला लाल पेन, आणि चूक दिसली की ती दुरुस्त केल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. लोकांच्या लग्नपत्रिकासुद्धा ते दुरुस्त करून परत पाठवत. त्यांनी कागदावरचा '१' बघितला, मग पडद्यावरचा आकडा बघितला, आणि नुसतं "हं" म्हटलं. मुग्धा तिथं नव्हती. ती लॅबला कुलूप लावायला गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आले. नाव सर्वेश, वय मुग्धाएवढंच, कानाला सतत फोन. हार झाला, शाल झाली, नारळ झाला. नाना केबिनच्या दारात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याचं लक्ष '१' कडे जाईल असे हातवारे करत होते. लॅबमध्ये पोरी मशीनसमोर बसल्या होत्या. ऋतुजा पहिल्या रांगेत.

"चालू करा," सर्वेश साहेब म्हणाले.

पोरींनी बटणं दाबली. पडदे उजळले. आणि पुढं काही म्हणता काहीच होईना.

"मॅडम, पेपर उघडंना," ऋतुजा म्हणाली.

"मॅडम, नेट बी न्हाई."

"माझं आलं! आलं... गेलं."

काल संध्याकाळी सगळं सुरळीत चाललं होतं. तिनं एक वायर काढून परत लावली, दुसरी हलवली, टेबलाखाली शिरली. शरणप्पा वाकून म्हणाला, "उंदीर आसनार मॅडम. म्या परवाच बघितला, ह्येवढा होता." मग उंदराच्या शोधात कपाट सरकवलं गेलं. त्यामागं मागच्या गॅदरिंगला गायब झालेला तबल्याचा डग्गा सापडला, उंदीर सापडला नाही.

"हे किती वेळ चालणार?" सर्वेश साहेबांनी विचारलं. "मला पुढं निलंग्याला जायचंय."

"नजर लागली," नाना म्हणाले आणि त्यांनी सरळ बालाजीरावांकडे बघितलं. "कालपासून एकेकाच्या पोटात दुखायलंय."

बालाजीराव गरीब स्वभावाचे. पण मुलीच्या बापानं तरी किती ऐकून घ्यावं? ते म्हणाले, "नाना, मशीन बसवलाव तवा नारळ फोडला व्हता का?"

नानांनी मशीनकडे बघितलं. कुंकू होतं, झेंडू होता, पण नारळ खरंच राहिला होता.

"मंग कसं चालंल? कुठलं बी काम नारळाबिगर होतंय का?"

साहेबांना दिलेला सत्काराचा नारळच परत घेण्यात आला. बालाजीरावांनी तो केबिनच्या उंबऱ्यावर असा दणक्यात आपटला, की पाणी उडून सर्व्हरच्या प्लगाच्या दिशेनं ओघळलं. शरणप्पा ओरडला, "शाक लागंल, शाक!" आणि त्यानं झडप घालून प्लग उपटला.

त्याच क्षणी लॅबमधून पोरींचा कल्ला झाला. "आलं! आलं! नेट आलं!"

बालाजीरावांनी हात जोडून वर बघितलं. नानांनीही नाइलाजानं जोडले. सर्वेश साहेबांनी पहिल्यांदा कानावरचा फोन काढला. "चमत्कारच आहे," ते म्हणाले. "चला, आता पेपर उघडा."

पेपर कुठून उघडणार? पेपर सर्व्हरमध्ये, आणि सर्व्हरचा प्लग शरणप्पाच्या हातात. मुग्धानं जागा पुसून घेतली आणि प्लग लावला. सर्व्हर सावकाश जागा झाला, आणि लॅबमधून आवाज आला, "गेलं!"

"दुसरा नारळ आना," बालाजीराव म्हणाले. आता त्यांना हुरूप आला होता.

दुसरा नारळ आला, फुटला, पाणी सांडलं. पण या खेपेला ते बाहेरच्या बाजूला गेलं, शरणप्पानं काही उपटलं नाही, आणि नेटही आलं नाही. नारळ नासका असेल अशी चर्चा सुरू झाली. तोवर मुग्धाच्या डोक्यात उजेड पडला होता. नेट आलं होतं ते नारळानं नव्हे, प्लग काढल्यानं! सर्व्हर झोपला की नेट येतं, सर्व्हर उठला की जातं.

"शरणप्पा, तो राऊटर बंद करा."

"मॅडम, आधीच नेट न्हाई, आन् तुमी त्यो बी बंद करायलाव?"

"करा हो."

शरणप्पानं भिंतीवरच्या डब्याची वायर काढली. डब्याचे दिवे विझले. मुग्धानं ऋतुजाच्या मशीनवरून एक नंबरला हाक मारली. खरं म्हणजे उत्तर यायला नको होतं, कारण एक नंबरचा मालक भिंतीवर मेल्यासारखा लटकत होता. पण पडद्यावर पटापटा उत्तरं आली. मी आहे, मी आहे, मी आहे.

"अगं बाई!" मुग्धा म्हणाली. "दार काढून ठेवलं, तरी दारातून कुणीतरी ओ देतंय."

ती धावत केबिनमध्ये गेली, सर्व्हरसमोर बसली आणि त्याची नंबराची फाईल उघडली. तिथं सदतीस नव्हताच. तिथं एक होता. म्हणजे नंबर एकच, आणि मालक झाले दोन. लॅबमधल्या मशीन बाहेरचं दार विचारत होत्या आणि मधूनच सर्व्हर त्यांना "मीच दार" म्हणून सांगत होता. आत जाऊन बघावं तर पुढं भिंत. शिवाय पेपर शोधायला त्या सदतीसकडं जात होत्या, आणि सदतीसवर तर कुणीच राहत नव्हतं.

"हे कुणी केलं?" मुग्धानं विचारलं. तिचा आवाज नको तेवढा चढला.

"काय, ते क्रमांकाचं ना?" श्रीपाद सर प्रसन्न चेहऱ्यानं पुढं आले. "मी. बाहेर कागदावर एक आणि आत सदतीस. उद्या तपासणी, आणि अशी ढळढळीत चूक! तुम्ही अडीअडचणीला म्हणून पासवर्ड देऊन ठेवला होता ना, म्हटलं तुम्हाला कशाला तसदी. पण मॅडम, ती फाईल मात्र फार शिस्तीची आहे हो. ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा एका अक्षराएवढी चुकली तरी स्वीकारत नाही. मी तीनदा समास नीट केला तेव्हा कुठं घेतली. आपल्या मुलांनी तिच्याकडून शिकावं."

त्यांना काय बोलणार? चूक त्यांची नव्हती. खोटा कागद मुग्धानं लावला, आणि खऱ्या माणसानं तो खरा करून टाकला.

आता नानांसमोर खरं सांगितल्यावाचून गत्यंतर नव्हतं. मुग्धानं एकदा लॅबच्या दारात उभ्या असलेल्या ऋतुजाकडं बघितलं आणि सांगून टाकलं. "नाना, काल मी तुम्हाला फसवलं. तो एक नुसता कागदावरचा होता. आत सदतीसच होता, आणि तोच बरोबर होता. एक नंबर दोघांना देता येत नाही. मला माफ करा, आणि तो आता मला बदलू द्या."

"म्हंजी मी कागदापुरता अध्यक्ष," नाना हळूच म्हणाले. ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते दुखावले होते, आणि मुग्धाला खरोखर वाईट वाटलं. "अन् त्यो फोटो म्या समद्या तालुक्याला दावला."

"नाना, माझं बारा घ्या," बालाजीराव कळवळून म्हणाले. "मी सदतीस घेतो. माझं काय?"

"उष्टा नंबर घेऊ?"

"राऊटरचाच नंबर बदलता येणार नाही का?" सर्वेश साहेबांनी विचारलं. आता त्यांनाही त्यात रस वाटू लागला होता.

"येईल ना. पण त्याचा पासवर्ड तो बसवणाऱ्या नांदेडच्या माणसाकडं, तो फोन उचलेना. शिवाय लॅबमधल्या एकेका मशीनला दाराचा नवा नंबर शिकवावा लागेल. संध्याकाळ होईल."

साहेबांनी घड्याळ बघितलं. बॅगेतून अहवालाचा कागद काढला, पेनाचं टोपण उघडलं. "मॅडम, मला वाईट वाटतंय. पण जे दिसलं तेच लिहावं लागणार. यंदा नाही, तर पुढच्या..."

"पुढच्या वर्षी नको, साहेब," ऋतुजा दारातून म्हणाली. तिला बोलायचं नव्हतं, पण निसटून गेलं. "माझं एक वर्ष गेलंय."

नानांनी तिच्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. पण खाली घातलेली मानही अध्यक्षाचीच, ती सदतीसवर यायला तयार होईना.

श्रीपाद सरांना मात्र कार्यक्रम रखडलेला बघवत नव्हता. ते हातातली पत्रिका चाळत पुटपुटले, "दीपप्रज्वलन झालं, स्वागत झालं, माझं प्रास्ताविक राहिलंय, पाहुण्यांचं मनोगत राहिलंय, अध्यक्षीय समारोप..."

मुग्धा ताडकन उठली. "नाना! कार्यक्रमात पहिलं कोण बोलतं?"

"श्रीपाद सर. प्रास्ताविक."

"ते कुणी ऐकतं का?"

"कोन ऐकतंय! लोक तवा खुर्च्या हुडकत आसतेत."

श्रीपाद सरांनी यावर लाल पेन काढून परत खिशात ठेवलं.

"मग त्यानंतर पाहुणे. आणि अध्यक्षांना कधी उभं करतात?"

"आध्यक्ष तर शेवटीच..." नाना बोलता बोलता थांबले.

"का बरं शेवटी? आधीच उरकून का नाही टाकत?"

"आसं कसं? आध्यक्षाच्या नंतर कुनी बोलत न्हाई. त्यो मान आसतो." नानांचे डोळे बारीक झाले. "मॅडम, तुमच्या ह्या नंबरात शेवटचा कोनता?"

"दोनशे चौपन्न."

"त्येच्या म्होरं कोनी न्हाई?"

"देता येतच नाही कुणाला. मशीनच ऐकत नाही."

नानांनी खुर्चीत पाठ टेकली. मिशी हळूहळू वर आली. "दोनशे चौपन्न," ते चव घेत म्हणाले. "मंग मी काल सांगत काय व्हतो? पयला-बियला नंबर दरवानालाच ठीक हाय. द्या त्येला."

"नाना," बालाजीराव खाकरून म्हणाले, "आध्यक्षानंतर आभार आसतेत. आन् आभार दर साली माझ्याकडं आसतेत."

मुग्धा पेचात पडली. कारण दोनशे पंचावन्न हा आकडा होता खरा, आणि आत्ताच ती नाही म्हणून बसली होती. पण सकाळपासून तिनं खोट्याचा धसका घेतला होता. ती म्हणाली, "दोनशे पंचावन्न आहे. पण तो कुणा एकाचा नसतो. तिथं हाक मारली की ती सगळ्या मशीनला एकदम ऐकू जाते."

बालाजीरावांनी क्षणभर विचार केला. "म्हंजी शरणप्पाची घंटा."

"अगदी."

"मंग ऱ्हाऊ द्या. माझं बारा बरं हाय. आभाराला तसं बी कोन थांबतंय?"

यावर नाना खदाखदा हसले. वैशाखापासून पहिल्यांदाच दोघे व्याही एका गोष्टीवर हसले होते. पण मुग्धाला ते बघायला वेळ नव्हता. तिनं शरणप्पाला राऊटर चालू करायला सांगितलं आणि फाईलमध्ये दोनशे चौपन्न टाकला. घाईत समास चुकला, फाईलनं नाकारला. श्रीपाद सरांनी मागून वाकून "इथं, या ओळीला दोन जागा सोडा" म्हणून दाखवलं, आणि खरं सांगायचं तर ते बरोबर होतं. या खेपेला घेतलं. मुग्धा लॅबच्या दारातून ओरडली, "पोरींनो, पत्त्यात सदतीसच्या जागी दोनशे चौपन्न टाका!"

ऋतुजानं टाकला. पडद्यावर चाक फिरलं, फिरत राहिलं. मग प्रश्न पहिला उमटला, आणि खाली चार पर्याय.

"उघडला, मॅडम!"

"माझा बी!"

"नेट बी हाय!"

सर्वेश साहेबांनी रांगेरांगेतून फिरून बघितलं, मुख्य कार्यालयाशी जोडणी तपासली, आणि अहवालावर काय लिहिलं ते दाखवलं नाही. जाताना एवढंच म्हणाले, "माझा नारळ मात्र तुमच्याकडं राहिला." नानांनी त्यांच्या बॅगेत दोन्ही फुटलेल्या नारळांचं खोबरं बांधून दिलं.

श्रीपाद सरांनी त्या दुपारी नवा कागद तपासला. बाहेर २५४, आत २५४. त्यांनी त्यावर लाल पेननं बरोबरची खूण केली. मुग्धानं तरीही पासवर्ड बदलला.

पंधरवड्यानं केंद्रांची यादी आली. मुग्धानं ती वरून खाली बघायला सुरुवात केली. लातूर, उदगीर, अहमदपूर, निलंगा... शिरूर अनंतपाळ काही दिसेना. आणि मग अगदी तळाला, सगळ्यात शेवटी, त्यांच्या कॉलेजचं नाव! तिनं आनंदानं उडी मारली आणि लगेच ती यादी पाठीमागं लपवली. शेवटचा नंबर! हे आता नानांना कोण सांगणार?

पण नाना मागंच उभे होते. त्यांनी चष्मा लावून यादी घेतली. वरची नावं नुसती नजरेखालून घातली. शेवटच्या नावावर बोट ठेवलं.

"बगा मॅडम," ते म्हणाले, "लातूरवाल्यांना बी मान कळतोय."

परीक्षेच्या सकाळी ऋतुजा घरी गरम भाकरी खाऊन, चालत आली. फाटक उघडायच्या आधीच ती हजर होती. फाटकाची चावी नानांनी त्या दिवशी शरणप्पाला दिली नव्हती, स्वतः आणली होती. कुलूप काढून त्यांनी दोन्ही दारं सताड उघडली आणि तिथंच खुर्ची टाकून बसले. जवळपासच्या गावांतून पोरी येत होत्या, आणि नाना प्रत्येकीला सांगत होते, "सावकाश या, बाय. दार बंद व्हत न्हाई."

लॅबमध्ये पुढच्या मशीन भरत आल्या होत्या. ऋतुजानं विचारलं, "मॅडम, मी मागं बसू का? अगदी शेवटच्या मशीनवर?"

मुग्धा काही बोलायच्या आत, फाटकावरून डोकवायला आलेल्या नानांचा आवाज दारातून आला. "बस, बस, बाय. ती मानाची जागा हाय!"

हे ऐकून पुढच्या पोरींनी एकमेकींकडं बघितलं, आणि मागच्या रांगेकडं एकच पळापळ झाली. पहिल्या रांगेत बसायला शेवटी कुणी तयारच होईना. श्रीपाद सरांना परीक्षेच्या सूचनांआधीचं आपलं प्रास्ताविक थांबवून पोरींना हाताला धरून पुढं आणून बसवावं लागलं. ऋतुजा तेवढी आपल्या जागेवरून हलली नाही.